जुने घर घेताय? इसार देण्याआधी भिंतीवरची भेग वाचायला शिका

गेल्या वर्षी मे महिन्यात ओळखीच्या एका वहिनींचा फोन आला. "ताई, चाळीसगावात घर पाहिलंय. यांनी इसार द्यायचं ठरवलंय. पण मागच्या खोलीत भिंतीला तडा आहे, माझं मन घेत नाही. तुम्ही एकदा येऊन बघता का?"

पंधरा वर्षे भाड्याच्या घरात काढलेले हे कुटुंब. दादा खासगी नोकरीत, वहिनी अंगणवाडीत. भविष्य निर्वाह निधीतले पैसे, वहिनींचे दागिने आणि पतसंस्थेचे कर्ज असे सगळे एकत्र करून हे घर घ्यायचे होते. माझे शिक्षण समाजशास्त्राचे, बांधकामातले मला काही कळत नाही. म्हणून मी आमच्या वस्तीतले एक गवंडीकाका आणि सिव्हिलचा डिप्लोमा केलेला एक मुलगा असे दोघांना सोबत घेऊन गेले.

घराला नुकताच रंग दिलेला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून भेग तिरकी वर चढली होती. मध्यस्थ म्हणाला, "आपली जमीनच अशी शे भाऊ, चाळीसगावात कोणाच्या भिंतीला तडा नही?" काकांनी त्याला उत्तर दिले नाही. ते बाहेर गेले, त्याच भिंतीची मागची बाजू पाहिली, दार उघडून-मिटून पाहिले, न्हाणीघराच्या मोरीजवळ बसले आणि दीड तासाने एवढेच म्हणाले, "हे घर अजून बसतंय."

दादांनी ते घर सोडले. पण महिन्याभरात ते दुसऱ्या एका कुटुंबाने घेतले. तेही आपल्याच समाजातले. पावसाळ्यात त्यांच्या घराचे मागचे दार लागेना, आणि तेव्हा त्यांना आमचा पत्ता लागला. खरेदीखत झालेले असल्यामुळे आता दुरुस्तीचा सगळा खर्च त्यांच्याच डोक्यावर आहे. आम्ही जे दीड तासात पाहिले ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून हा लेख.

काळ्या जमिनीचे वागणे

मध्यस्थाचे अर्धे म्हणणे खरे होते. गिरणा खोऱ्यातली आपली जमीन काळी, कपाशीची. या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. एप्रिल-मे महिन्यांत शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांत त्या बुजून जातात. घराखालची जमीनही हेच करते.

फरक एवढाच की घराच्या मधल्या भागाखालची ओल सहसा टिकून राहते, पण कडेची माती ऊन-पावसाच्या माऱ्यात असते. त्यामुळे उन्हाळ्यात घराचे कोपरे खाली बसतात आणि पावसाळ्यात वर उचलले जातात. भिंत काही रबराची नाही. दरवर्षी अशी हलली की ती जिथे कमजोर असते तिथे, म्हणजे दार-खिडकीच्या कोपऱ्यांत फाटते.

यावर उपाय आहेत. पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत नेला तर घर ऋतूंबरोबर हलत नाही. जिथे काळी माती फार खोल असते तिथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेली खाली फुगीर बुंध्याच्या खांबांची पद्धत वापरतात. हे खांब साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल नेतात, कारण तिथपर्यंत ऋतूंचा परिणाम फारसा पोहोचत नाही. पण जुन्या घरांचे पाये ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे खोदलेले असतात. म्हणून "पाया मुरमात आहे का?" हा जुन्या घराबद्दल विचारायचा पहिला प्रश्न. मालकाला माहीत नसेल तर ज्याने ते घर किंवा शेजारचे घर बांधले त्या गवंड्याला विचारा. त्याला बहुतेक वेळा आठवते.

कोणती भेग काय सांगते

भेग आहे म्हणून घर टाकाऊ ठरत नाही, आणि भेग दिसत नाही म्हणून ते भक्कमही ठरत नाही. भेगेची जागा, दिशा आणि रुंदी या तीन गोष्टी एकत्र पाहायच्या.

*जाळीसारख्या बारीक भेगा.* भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. गिलाव्यात सिमेंट जास्त झाले किंवा त्याला नीट पाणी मारले नाही की तो सुकताना आक्रसतो आणि अशा भेगा पडतात. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटला आहे, तेवढा काढून नवा करावा लागेल. घराला धोका नाही.

*खांब आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची सरळ रेघ.* काँक्रीट आणि वीट तापताना-सुकताना वेगवेगळ्या वागतात, म्हणून सांध्यावर रेघ उमटते. बारीक असेल तर ही किरकोळ बाब आहे.

*स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग.* वरच्या मजल्यावर किंवा एकमजली घरात ही हमखास दिसते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब पसरतो, रात्री आक्रसतो आणि खालची भिंत त्याच्याबरोबर सरकू शकत नाही. गच्चीवर पांढरा रंग किंवा उष्णता अडवणारा थर दिला की हा त्रास कमी होतो. मात्र त्या भेगेतून पाणी झिरपत असेल तर दुर्लक्ष करू नका.

*जुनी खोली आणि नंतर वाढवलेली खोली यांच्यामधली उभी भेग.* घरकुलाच्या घरांना पुढे-मागे खोली काढलेली असते, तिथे ही फार आढळते. नव्या भिंतीच्या विटा जुन्या भिंतीत गुंतवलेल्या नसतात आणि दोन्हींचे पाये वेगळे असतात. भेग वरपासून खालपर्यंत सारखीच असेल तर दोन खोल्या नुसत्या सुट्या झाल्या आहेत. वर रुंद आणि खाली बारीक असेल तर नवी खोली बाहेरच्या बाजूला कलते आहे.

*दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग.* विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेली असेल तर पाया खचल्याचा संशय घ्यायचा. इथे रुंदी कुठे जास्त आहे ते पाहा. भेग वर जास्त उघडी असेल तर बहुधा भिंतीचे टोक, म्हणजे कोपरा बसतो आहे. खाली जास्त उघडी असेल तर मधला भाग बसतो आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी भेग दिसली तर ती फक्त गिलाव्यात नाही, भिंत आरपार फाटली आहे. दादांनी पाहिलेल्या घरात हेच होते.

*काँक्रीटच्या खांबात, तुळईत किंवा स्लॅबखाली सळईच्या रेषेत गेलेली भेग.* सोबत तांबूस डाग असतील तर आतली सळई गंजते आहे. लोखंड गंजले की त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते आणि ते काँक्रीटला आतून फोडते. संडास-न्हाणीघराच्या छतात आणि गच्चीच्या कडेला आधी पाहा. वरून सिमेंट लिंपून गंज थांबत नाही. इथे इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका.

*दगड-मातीच्या भिंतीला आलेले पोट.* धाब्याच्या जुन्या घरांच्या भिंती जाड असतात, पण बऱ्याचदा आतला आणि बाहेरचा असे दोन थर असून मधे माती-चिपा भरलेल्या असतात. दोन्ही थरांना बांधणारे लांब आरपार दगड नसतील तर थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगते. वर धाब्याच्या मातीचे मोठे ओझे असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतांशी अशाच जड छताच्या दगड-मातीच्या घरांखाली. अशा भिंतीजवळ ओळंबा धरून पाहा. पोट आलेली भिंत रंगाने झाकता येते, ओळंब्यापुढे झाकता येत नाही.

रुंदी मोजायला यंत्र लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. भारतीय मानक ब्युरोच्या भेगांविषयीच्या हस्तपुस्तिकेनुसार १ मिलिमीटरच्या आतली भेग बारीक, १ ते २ मिलिमीटरची मध्यम आणि २ च्या वरची रुंद. म्हणजे भेगेत कार्ड जात नसेल तर सहसा घाबरण्याचे कारण नाही. तीन कार्डे एकत्र आत जात असतील तर जाणकाराला बोलवा. पेन्सिल जात असेल तर आधी इंजिनिअरचे मत घ्या, किमतीचे मग बोला.

भेग जुनी की चालू?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. दहा वर्षांपूर्वी एकदा बसून स्थिर झालेल्या घरातली रुंद भेग भरून घेता येते. आजही सरकणारी बारीक भेग उद्या मोठी होणार.

भेगेच्या आत डोकावून पाहा. आत जुना रंग, धूळ, जाळी असेल तर ती जुनी. कडा धारदार आणि आतली वीट स्वच्छ लाल दिसली तर ताजी. एकाच भेगेत दोन-तीन वेळा सिमेंट भरल्याच्या खुणा असतील आणि ते पुन्हा फाटलेले असेल तर भिंत थांबलेली नाही. दारे-खिडक्या उघडून-मिटून पाहा. चौकटीत अडकणारे दार किंवा वरून रंधून कमी केलेली फळी चौकट वाकडी झाल्याचे सांगते. फरशीवर गोटी ठेवा. ती एकाच कोपऱ्याकडे धावत असेल तर तिकडे लक्ष द्या. आख्ख्या घरात एकाच भिंतीला नवा रंग असेल तर का, हे सरळ विचारा.

वेळ मिळाला तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून अंतर आणि तारीख लिहून ठेवा, पट्टी धरून फोटो काढा. गवंडी लोक भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवतात. भिंत सरकली तर काच तडकते. काळ्या जमिनीतले घर शक्य असेल तर दोनदा पाहावे, एकदा मे महिन्यात आणि एकदा चांगला पाऊस झाल्यावर. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग मातीचे काम आहे. दोन्ही वेळा वाढतच जाणारी भेग त्याहून वाईट.

घराचे वय मात्र फसवते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा जीव गेला. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. उलट चुन्यात बांधलेली शंभर वर्षांची घरे आपल्याकडे अजून ताठ उभी आहेत.

पाणी कुठून येते ते शोधा

भेगेचे कारण शोधताना नव्वद टक्के नजर पाण्यावर ठेवा, असे गवंडीकाका म्हणतात. मोरीचा फुटका पाइप, पायाशी पडणारी गच्चीची धार, भिंतीला लागून असलेली उघडी गटार, ही सगळी काळ्या मातीला एकाच ठिकाणी पाणी पाजतात. तिथली माती फुगते, बाकीची कोरडी राहते आणि घर मधेच पिळवटते. दुसऱ्या बाजूला भिंतीला खेटून वाढलेला निंब किंवा पिंपळ उन्हाळ्यात मातीतली ओल ओढून घेतो. म्हणून आधी पाण्याची सोय लावायची, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन साधारण एक मीटर रुंदीचा कोबा करायचा, आणि मग भेग भरायची. क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात.

पाण्याची ताकद आपल्या जवळच पाहता येते. गौताळ्याच्या डोंगरातली पितळखोरे लेणी अखंड खडकात कोरलेली, पण झिरपणाऱ्या पाण्याने तिथला खडकही फुटला आणि दर्शनी भाग ढासळले. लेणी कोरणाऱ्यांना हे पाणी दिसत होते. ते बाहेर काढून देण्यासाठी त्यांनी खडकात मार्ग कोरले, ते आजही पाहायला मिळतात.

चाळीसगावात घर पाहताना आणखी एक गोष्ट विचाराच. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, त्याच पावसात कन्नड घाटात दरड कोसळली. त्या दिवशी या घरात पाणी किती चढले होते, हे शेजारच्या आजींना विचारा. पुराचे पाणी पायाखालची माती धुऊन नेते आणि मातीतल्या जोडाईचा जीव काढून टाकते. नवा रंग पुराची रेघ झाकतो, पण शेजाऱ्यांच्या आठवणीतून ती जात नाही.

अशी घरे आपल्याच वाट्याला का येतात?

इथपर्यंतचा भाग कोणीही वाचावा असा आहे. पुढचा आपल्यासाठी.

चाळीसगाव म्हटले की ऑक्टोबर १९२९ आठवतो. बाबासाहेब इथल्या स्टेशनवर उतरले. महारवाडा तिथून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याने पायी चालत यावे हे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत पडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

त्यात दोन गोष्टी आजही आपल्या घरखरेदीला लागू पडतात. एक, वस्ती नदीपलीकडे होती. गावाने आपल्याला सखल, नदी-नाल्याकाठची जागा दिली, आणि पुराचे पाणी व खचणारी जमीन तिथेच जास्त. आजही "आडनाव काय?" विचारून चांगल्या भागातली घरे नाकारली जातात. निवड कमी असली की जे मिळते ते घाईने घेतले जाते. दोन, कमीपणा वाटू नये म्हणून आपण जोखीम पत्करतो. "एवढं बघतात म्हणजे पैसे नसतील" असे कोणी म्हणेल म्हणून आपण ठोकून पाहत नाही, दुसऱ्यांदा जात नाही, लेखी मागत नाही. आयुष्याची कमाई पणाला लावणाऱ्या माणसाने प्रश्न विचारण्यात कसला कमीपणा?

आणखी एक खंत. आपली काही शिकलेली कुटुंबे घराचे दार कुठल्या दिशेला आहे हे विचारायला वास्तुशास्त्रवाल्याला पैसे देतात, पण पाया पाहायला इंजिनिअरला बोलवत नाहीत. दिशेमुळे भिंत फाटत नाही. डोळ्यांनी पाहून, मोजून, कारण शोधून ठरवण्याची शिकवण ज्यांना मिळाली आहे त्यांनी तरी हे करू नये.

इसार देण्याआधी एवढे करा

घर दिवसा पाहा, आतून आणि बाहेरून पाहा, सामान सरकवून पाहा. ओळंबा, पट्टी, टॉर्च आणि एटीएम कार्ड सोबत ठेवा. शेजाऱ्यांशी बोला. नगरपरिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस आली होती का ते विचारा. तिरकी आरपार भेग, गंजाचे डाग किंवा पोट आलेली भिंत यांपैकी एक जरी दिसले तरी सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अभिप्राय घ्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. दुरुस्तीचा अंदाज हातात आला की किमतीची बोलणी कागदावर करता येतात. इसार द्यायचाच असेल तर रक्कम थोडी ठेवा आणि "पाहणीत दोष निघाल्यास परत" ही अट साठेखतात लिहून घ्या. घर पाहायला बाईमाणसाला सोबत न्या आणि तिचे ऐका. दादांच्या घरात सगळ्यांआधी तडा वहिनींना दिसला होता.

कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या प्रत्येक वस्तीत गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, सिव्हिल शिकलेली मुले-मुली आहेत. दुसऱ्यांची घरे बांधण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांचे ज्ञान आपल्या लोकांच्या घरासाठी वापरले जात नाही. विहारात रविवारी तासभर त्यांना बसवा. जे कुटुंब घर पाहायला जाणार असेल त्याच्यासोबत त्यातले दोघे जातील एवढी व्यवस्था करा. त्यांच्या वेळेचे पैसेही द्या.

दादा-वहिनींनी दिवाळीआधी दुसरे घर घेतले. त्याच्या भिंतींवर पहिल्या घरापेक्षा जास्त भेगा आहेत, सगळ्या जाळीसारख्या बारीक, कार्ड न जाणाऱ्या. पाया मुरमात आहे, हे बांधणाऱ्या गवंड्याने स्वतः सांगितले. पहिल्या घरातल्या कुटुंबाची मोरी आता दुरुस्त झाली आहे, कोबाही झाला आहे. भेगेवर काकांनी काच चिकटवून खाली तारीख लिहिली आहे. पुढचा पावसाळा गेल्यावर ती शाबूत राहिली तरच भेग भरायची, असे ठरले आहे.